हलकी काडतुसे, जड प्रश्न

खेळाचे नियम बदलतात तेव्हा वाद बहुधा गुणांकनावरून किंवा पंचांच्या अधिकारांवरून उद्भवतो. अमेरिकेतील ‘काऊबॉय अ‍ॅक्शन शूटिंग’ या नेमबाजीच्या प्रकारात मात्र वादाचा केंद्रबिंदू वर्षानुवर्षे काडतूस हाच राहिला आहे. गोळी किती हलकी असावी, तिचा वेग किती असावा, ती कोणत्या धातूची असावी आणि बंदुकीतून धूर किती निघावा, या वरवर तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नांवर तेथे गंभीरपणे खल होतो. आपल्याकडे हा खेळ अपरिचित आहे. परंतु त्यातील पेच अपरिचित नाही. एखाद्या जुन्या काळाशी इमान राखण्यासाठी सुरू झालेला खेळ जिंकण्याच्या ईर्षेपुढे ते इमान कुठवर टिकवतो, हा त्यातला पहिला प्रश्न. आणि ज्या शिशावर हा खेळ उभा आहे, त्या शिशाकडेच जग संशयाने पाहू लागले असताना नियमकर्त्यांनी काय करावे, हा दुसरा.

खेळाची घडण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीचे जीवन आणि त्यावर बेतलेले हॉलिवूडचे वेस्टर्नपट यांतून हा खेळ जन्मला. दक्षिण कॅलिफोर्नियातील काही हौशी नेमबाजांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी अशा स्पर्धा भरवण्यास सुरुवात केली. पुढे १९८७ मध्ये ‘सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी’ ही संघटना स्थापन झाली. ‘सॅस’ या आद्याक्षरनामाने ओळखली जाणारी ही संस्था आज या खेळाची प्रमुख नियामक आहे आणि ‘एंड ऑफ ट्रेल’ ही तिची सर्वोच्च स्पर्धा मानली जाते.

स्पर्धकाकडे चार शस्त्रे असतात: दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरने चालणारी रायफल आणि एक जुन्या धाटणीची छऱ्यांची बंदूक. ही शस्त्रे त्या काळातील असावीत किंवा त्यांच्या प्रतिकृती असाव्यात. रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक गोळीपूर्वी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. चाप दाबून तो आपोआप मागे जात नाही. सहा घरांच्या चक्रीत पाचच काडतुसे भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा, हा नियम तर थेट जुन्या शस्त्रांच्या मर्यादेतून आला आहे. जुन्या बनावटीत घोड्याची टोकदार सुई थेट काडतुसाच्या बुडावर टेकत असल्याने, रिव्हॉल्व्हर नुसते खाली पडले तरी गोळी सुटण्याचा धोका असे. स्पर्धकाने त्या काळचा पोशाख करायचा असतो आणि एक टोपणनावही घ्यायचे असते. एकदा नोंदलेले टोपणनाव दुसऱ्या सदस्याला मिळत नाही.

एवढा सगळा नाट्यमय थाट असला तरी निकाल लागतो तो घड्याळावर. पोलादी लक्ष्ये ठरलेल्या क्रमाने पाडायची वा ठोकायची. नेम चुकला तर प्रत्येक चुकीमागे पाच सेकंद आणि क्रम चुकला तर दहा सेकंद वेळेत मिळवले जातात. लक्ष्ये मोठी आणि जवळ असतात. रिव्हॉल्व्हरची लक्ष्ये तर सात-दहा यार्डांवरच ठेवलेली असतात. परिणामी नेमापेक्षा चपळाईला महत्त्व येते. चारही शस्त्रे हाताळून वीस-बावीस गोळ्यांचा एक टप्पा अव्वल स्पर्धक वीस सेकंदांच्या आत उरकतात. येथेच काडतुसाचा प्रश्न उभा राहतो.

साठचा आकडा

गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का गोळीचे वजन आणि तिचा वेग यांच्या गुणाकारावर मुख्यतः अवलंबून असतो. धक्का जितका कमी, तितके शस्त्र पुढच्या लक्ष्यावर लवकर स्थिरावते. त्यामुळे वेगाच्या शर्यतीत हलकी गोळी आणि चिमूटभर दारू हा सरळ फायद्याचा सौदा ठरतो. गोळी पुंगळीत बसवताना दारू किती घालायची हे बहुसंख्य स्पर्धक स्वतःच ठरवतात, कारण काडतुसे घरी भरण्याची तेथे जुनी प्रथा आहे. प्रेक्षकाला वा पंचाला बाहेरून काडतूस पाहून काही कळत नाही. टोपी, बूट, पट्टा हे सारे डोळ्यांना दिसते. काडतुसातील दारू मात्र फक्त भरणाऱ्यालाच ठाऊक असते.

या मोहाला बांध म्हणून सॅसने धूररहित दारूच्या गटांसाठी किमान ‘पॉवर फॅक्टर’ ठरवला. गोळीचे ग्रेनमधील वजन आणि सेकंदाला फुटांतील वेग यांच्या गुणाकाराला हजाराने भागले की हा आकडा मिळतो. तो साठपेक्षा कमी असता कामा नये आणि गोळीचा वेग सेकंदाला ४०० फुटांखाली, म्हणजे सुमारे १२२ मीटरच्या खाली जाता कामा नये. १०० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅमची गोळी वापरायची तर तिला ६०० फुटांचा वेग हवा. १५० ग्रेनच्या गोळीला ४०० फूट पुरतात.

हा बांध किती ठेंगणा आहे ते तुलनेने ध्यानात येते. १८७३ मध्ये अमेरिकन लष्कराने स्वीकारलेल्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचे पॉइंट फोर्टीफाइव्ह काडतूस सुमारे अडीचशे ग्रेनची गोळी नऊशे फुटांच्या आसपासच्या वेगाने फेकत असे. त्याचा पॉवर फॅक्टर सव्वादोनशेच्या घरात जातो. म्हणजे आजचा स्पर्धक त्या काळच्या शस्त्राच्या जवळपास एक चतुर्थांश जोरावर नियमात बसतो. आधुनिक पिस्तुलांच्या आयपीएससी स्पर्धांमध्ये सर्वात खालच्या श्रेणीसाठीही १२५ चा आकडा लागतो. काऊबॉयांचा साठ त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

कडव्या परंपरावाद्यांचा आक्षेप नेमका हाच आहे. पोशाख १८७३ चा आणि काडतूस खेळण्यातले, असे झाले तर वारसा उरतो कुठे, असे ते विचारतात. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही दुर्लक्षिता येणार नाही. या खेळात ज्येष्ठांचा भरणा मोठा आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांसाठीही स्वतंत्र गट आहेत. संधिवाताने आखडलेल्या बोटांना, सडपातळ मनगटांना आणि लहान मुलांना जड काडतुसांचा मारा सोसत नाही. साठचा आकडा दुप्पट केला तर जिंकणारे बहुधा तेच राहतील. बाहेर पडतील ते हौसेने येणारे.

तरीही किमान मर्यादा अगदीच नको, असे म्हणणाऱ्यांना एक कठोर तांत्रिक उत्तर आहे. जुन्या काडतुसांच्या पुंगळ्या फुगीर काळ्या दारूसाठी घडवलेल्या होत्या. त्यांत आधुनिक धूररहित दारूची चिमूट टाकली की ती मोठ्या पोकळीत इकडेतिकडे सांडते आणि दर वेळी सारखी पेट घेत नाही. जोर कमी पडून गोळी नळीतच अडकते. घाईत असलेल्या स्पर्धकाच्या ते लक्षात आले नाही आणि त्याने लगेच दुसरी गोळी झाडली, तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणून साठची मर्यादा ही केवळ प्रामाणिकपणाची नव्हे, सुरक्षिततेचीही अट आहे. पुंगळीतील पोकळीवर उपाय म्हणून ‘काऊबॉय फोर्टीफाइव्ह स्पेशल’ नावाची आखूड पुंगळी बाजारात आली. नियमाने निर्माण केलेल्या गरजेला कारागिरीने दिलेले हे उत्तर होते.

इतर खेळांचा अनुभव

साहित्यामुळे खेळाचा तोल ढळू लागला की नियमाने हस्तक्षेप करावा, ही गोष्ट नवी नाही. ऑलिम्पिकमधील २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात एकेकाळी पॉइंट टू-टू शॉर्ट हे दुबळे काडतूस वापरले जाई. त्याचा धक्का जवळजवळ जाणवतच नसे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकनंतर आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने त्याला फाटा दिला आणि लाँग रायफल काडतूस बंधनकारक केले. गोळीचे किमान वजन २.५३ ग्रॅम आणि किमान सरासरी वेग सेकंदाला २५० मीटर असे निश्चित झाले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये विजय कुमार यांनी याच प्रकारात जिंकलेले रौप्यपदक या बदललेल्या नियमांखालचे आहे.

भालाफेकीत १९८४ मध्ये उवे होन यांनी १०४.८० मीटरची फेक केली. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवण्यात आला. क्रिकेटमध्ये बॅटच्या कडा जाडच जाड होत गेल्या तेव्हा २०१७ च्या नियमावलीने कडेला ४० मिलिमीटर आणि एकूण जाडीला ६७ मिलिमीटरची मर्यादा घातली. या सर्व उदाहरणांत एक साम्य आहे: मर्यादा मोजता येते. भाला तोलता येतो, बॅट मापाच्या चौकटीतून सरकवून पाहता येते.

काडतुसाच्या बाबतीत ती सोय नाही. त्याची परीक्षा क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग टिपणाऱ्या यंत्रावर करावी लागते. हवेचे तापमान, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि नळीची लांबी यांनुसार त्याच काडतुसाचा वेग बदलतो. मोठ्या स्पर्धांत यंत्र मांडता येते. गावोगावच्या मासिक स्पर्धा स्वयंसेवकांच्या बळावर चालतात, तेथे प्रत्येकाची काडतुसे तपासणे शक्य नसते. म्हणून सॅसच्या नियमपुस्तकाने नैतिकतेलाच नियमाचे रूप दिले आहे. फायद्यासाठी जाणूनबुजून दुबळी काडतुसे वापरणे हे ‘खेळाच्या आत्म्याचे’ उल्लंघन मानले जाते आणि त्यासाठी तीस सेकंदांचा दंड आहे. वीस सेकंदांत संपणाऱ्या टप्प्यात तीस सेकंद म्हणजे पराभवच. कायदा जेथे पोहोचू शकत नाही तेथे लाज पोहोचावी, अशी ही व्यवस्था आहे.

धूर आणि कारखाना

परंपरावाद्यांना सॅसने दुसऱ्या मार्गानेही सामावून घेतले आहे. सर्वांवर जड काडतुसे लादण्याऐवजी स्वतंत्र गट निर्माण झाले. ‘क्लासिक काऊबॉय’ गटात पॉइंट फोर्टी किंवा त्याहून मोठ्या व्यासाचीच गोळी चालते. ‘फ्रंटिअर कार्ट्रिज’ गटात काळी दारू किंवा तिचा पर्याय वापरावा लागतो आणि तेथे वेगाऐवजी धुराचा निकष आहे. ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी धूर काढणारे काडतूस नियमबाह्य ठरते. काळ्या दारूचा दाट पांढरा धूर पुढचे लक्ष्य झाकून टाकतो. ती अडचण सोसणे हाच त्या गटाचा अभिमान. दारू कमी घालून धूर टाळणे म्हणूनच अप्रामाणिकपणा ठरतो.

परंतु धुराचा आग्रह धरणाऱ्या खेळाचे नशीब एका कारखान्याशी बांधलेले आहे, हे २०२१ मध्ये उघड झाले. अमेरिकेत काळ्या दारूचा प्रमुख उत्पादक असलेला ‘गोएक्स’चा लुइझियाना राज्यातील मिंडेन येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय त्याची मालक असलेल्या हॉजडन कंपनीने त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जाहीर केला. पुढच्या वर्षी ‘एस्टेस एनर्जेटिक्स’ने तो विकत घेतल्याने अनर्थ टळला. त्याच काळात, २०२० नंतरच्या टंचाईत, काडतुसाच्या बुडाशी बसणारा प्रायमरही बाजारात दुर्मीळ झाला होता. प्रायमर घरी करता येत नाही. पुंगळी, गोळी, साचा सारे हाताशी असूनही त्याविना सगळे व्यर्थ. काडतुसांचे निकष ठरवणारी संस्था कोणतीही असो, ते निकष पाळता येतील की नाही हे अखेर बाजार ठरवतो, हा या दोन घटनांचा धडा आहे.

शिशाची सक्ती आणि शिशाचे विष

आतापर्यंतचे सारे वाद खेळाच्या घरातले. पुढचा प्रश्न मात्र घराबाहेरून येणार आहे.

सॅसच्या नियमांनुसार रिव्हॉल्व्हर आणि रायफलची गोळी शिशाचीच असावी लागते. तांब्याचे वेष्टन असलेली किंवा तांब्याचा मुलामा दिलेली गोळी चालत नाही. छरेही शिशाचेच आणि चार क्रमांकाचे वा त्याहून बारीक हवेत; पोलादी छऱ्यांना मज्जाव आहे. रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला १००० फुटांहून आणि रायफलच्या गोळीचा १४०० फुटांहून अधिक नसावा. या अटी परंपरेच्या प्रेमातून आल्या असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः त्यांचे मूळ सुरक्षिततेत आहे. पोलादी लक्ष्य दहा यार्डांवर असताना त्यावर आदळणारी गोळी चपटी होऊन खाली पडली पाहिजे. मऊ शिसे तसे वागते. तांब्याच्या वेष्टनाच्या चिरफळ्या मात्र उलट उडून नेमबाजाला किंवा प्रेक्षकाला लागू शकतात. वेग वाढला की शिशाचेही तुकडे दूरवर उडतात आणि लक्ष्याच्या पृष्ठभागावर खळगे पडतात; खळग्यांवरून गोळी कुठे उसळेल याचा नेम नसतो.

खेळाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित असलेला हा धातू आरोग्याच्या दृष्टीने मात्र विषारी आहे. शिशाची सुरक्षित अशी पातळी मानवी रक्तात नाही, यावर वैद्यकशास्त्राचे एकमत आहे. लहान मुलांच्या रक्तातील शिशाचा संदर्भांक अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये डेसिलिटरमागे पाचवरून साडेतीन मायक्रोग्रॅमवर आणला. गोळ्या ओतताना निघणारी धूळ, प्रायमरमधील शिशाच्या संयुगाचा धूर, मैदानावरून घरी येणारे कपडे आणि बूट या वाटांनी ते शरीरात जाते. घरच्या गॅरेजमध्ये गोळ्या ओतणाऱ्याच्या अंगणात नातवंडे खेळत असतील, तर प्रश्न केवळ त्याच्या छंदाचा राहत नाही.

वन्यजीवांच्या बाबतीत कायदा आधीच पुढे गेला आहे. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाच्या छऱ्यांवर अमेरिकेत १९९१ पासून देशव्यापी बंदी आहे. मेलेल्या जनावरातील शिशाचे कण गिळून कॅलिफोर्निया कॉन्डॉर ही महाकाय गिधाडे मरू लागली. १९८७ मध्ये निसर्गात उरलेला शेवटचा कॉन्डॉरही पकडून बंदिवासात ठेवावा लागला होता. आपल्याकडे डायक्लोफिनॅक या जनावरांना टोचल्या जाणाऱ्या औषधाने गिधाडांचा जसा संहार केला, तशीच ही कथा आहे. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीतील शिशाच्या काडतुसांवर पूर्ण बंदी घातली. युरोपीय संघात पाणथळ जागांवर शिशाच्या छऱ्यांना फेब्रुवारी २०२३ पासून मनाई आहे. युरोपीय रसायन संस्थेने २०२१ मध्ये मांडलेल्या व्यापक प्रस्तावात तर शिकारीबरोबर क्रीडा नेमबाजीचाही समावेश आहे.

अमेरिकेतील निर्बंधांचा रोख अद्याप शिकारीवर आहे, मैदानावरील नेमबाजीवर नाही. म्हणून काऊबॉय नेमबाज निश्चिंत आहेत. परंतु ही निश्चिंती दीर्घकाळ टिकेल असे मानणे धाडसाचे ठरेल. पर्याय सोपे नाहीत, हे खरे. बिस्मथ महाग आणि ठिसूळ आहे, जस्त शिशापेक्षा कठीण आणि हलके आहे, तांबे तर पोलादी लक्ष्यांपुढे नकोच. मधला मार्ग मात्र उपलब्ध आहे आणि सॅसने त्यावर पाऊल टाकलेही आहे. पॉलिमरचा पातळ लेप दिलेल्या शिशाच्या गोळ्यांना तिच्या नियमांनी मान्यता दिली आहे. लेपामुळे हाताला शिसे लागत नाही, नळीत शिसे साचत नाही आणि धूरही कमी होतो. १८७३ मध्ये पॉलिमर नव्हते. तरीही हा बदल खेळाने पचवला आणि खेळाचे काही बिघडले नाही.

मैदानातील शिसे वेळोवेळी वेचून पुनर्वापरासाठी पाठवणे, मातीची आम्लता ताब्यात ठेवणे, पावसाचे पाणी वाहून जाणार नाही अशी रचना करणे, या उपायांची मार्गदर्शिका अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००१ मध्येच प्रसिद्ध केली आहे. पण ती मार्गदर्शिकाच आहे. काडतुसात दारू किती असावी याचा बारकाईने हिशेब ठेवणाऱ्या संघटनेने, झाडलेल्या शिशाचा हिशेब ठेवण्याचीही अट स्पर्धेच्या मान्यतेला जोडणे तर्काला धरून होईल.

आपल्यापर्यंत पोहोचणारा मुद्दा

हा केवळ दूरदेशीच्या छांदिष्टांचा प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही. कोल्हापूरच्या मातीतून पुढे आलेल्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तो प्रकार शिशाच्या पॉइंट टू-टू गोळ्यांवर चालतो. शाळकरी मुले जिच्यावर नेमबाजीचे पहिले धडे गिरवतात त्या एअर रायफलीचे छरेही सामान्यतः शिशाचेच असतात. अव्वल दर्जाची ही काडतुसे आणि छरे प्रामुख्याने युरोपातील कारखान्यांत तयार होतात. तेथील कायदा बदलला तर त्याची झळ महाराष्ट्र-गोव्यातील सराव केंद्रांना लागल्याशिवाय राहणार नाही. तोवर छरे हाताळल्यानंतर मुलांनी हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये, बंदिस्त सभागृहात हवा खेळती असावी, एवढे तरी प्रत्येक केंद्राने पाहिले पाहिजे.

काऊबॉय नेमबाजीतील वादातून निघणारा निष्कर्ष दुहेरी आहे. साठचा आकडा ठेंगणा असला तरी योग्य जागी आहे. तो गोळी नळीत अडकण्याचा धोका रोखतो, दुर्बळांना खेळाबाहेर ढकलत नाही आणि ज्यांना जुना जोर व जुना धूर हवा त्यांना वेगळे गट मोकळे ठेवतो. तो वाढवण्यापेक्षा तो प्रामाणिकपणे मोजला जाईल याची व्यवस्था बळकट करणे अधिक महत्त्वाचे आहे. शिशाच्या बाबतीत मात्र परंपरेचा आधार घेता येणार नाही, कारण शिशाची अट परंपरेसाठी नव्हे तर माणसे सुरक्षित राहावीत म्हणून घातली गेली होती. लक्ष्यापासून दहा यार्डांवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांची काळजी घेणाऱ्या नियमाने, त्याच माणसाच्या रक्ताची आणि मैदानाखालच्या पाण्याची काळजीही घ्यायला हवी. हे काम संघटनेने स्वतःहून केले तर खेळाची जाण असलेले लोक ते करतील. कायद्यावर सोपवले तर ती जाण नसलेले लोक करतील.